बेसचा ॲम्प आणि बॉक्स: कमी पैशांत जोडी कशी जमवायची

मराठवाड्यात बेस गिटार वाजवणाऱ्याची सोय सगळ्यात शेवटी लागते. जयंतीच्या भीमगीतांचा कार्यक्रम असो, लग्नाच्या आदल्या रात्रीचा ऑर्केस्ट्रा असो, चर्चमधली रविवारची उपासना असो की कॉलेजचं गॅदरिंग. कीबोर्ड थेट मिक्सरला जातो, गिटारवाला आपला छोटा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) उचलून आणतो, आणि बेसवाल्यापुढे साउंडवाल्याच्या गाडीत उरलेलं मशीन, म्हणजे ॲम्प, आणि कुठलातरी बॉक्स, म्हणजे स्पीकरची पेटी, येऊन पडतो. दोन्ही एकमेकांना झेपतात का हे न बघता जोडले, की आवाज फाटतो, स्पीकरची कॉइल जळते किंवा मशीन मध्येच बंद पडतं. सामान स्वतःचं घ्यायचं ठरवलं, तर बजेट थोडं असतं आणि दुकानदार फक्त वॉट सांगतो.

माझं म्हणणं सरळ आहे. पैसे कमी असतील तर ते आधी बॉक्समध्ये घाला, ॲम्पच्या वॉटमध्ये नंतर. आणि काहीही जोडायच्या आधी ओहम, म्हणजे बॉक्सचा विजेला होणारा रोध, मोजा. खाली जे काही आहे ते याच दोन गोष्टींवर उभं आहे.

१. आधी वाजवायचं कुठे ते ठरवा

घरी रियाजाला ५० ते १०० वॉटचा कॉम्बो पुरतो. बंद खोलीत ड्रमरसोबत सराव करायचा, तर २०० ते ३०० खरे वॉट आणि चांगला बॉक्स लागतो, कारण खालच्या सुरांना ताकद जास्त लागते. गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा सूर ८२ हर्ट्झचा, तर बेसच्या ई तारेचा ४१ हर्ट्झचा. पाच तारांचा बेस असेल तर खालचा बी ३१ हर्ट्झपर्यंत उतरतो.

मैदानावरच्या कार्यक्रमासाठी मात्र मोठा ॲम्प घेऊ नका. मैदान भरायचं काम साउंडवाल्याच्या सिस्टिमचं आहे. तुम्ही एक डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करणारी छोटी डबी) घ्या, बेसची लाइन मिक्सरला द्या आणि स्वतःचा ॲम्प स्टेजवर स्वतःला ऐकू येण्यापुरता ठेवा. बेसमध्ये बॅटरी नसेल तर ॲक्टिव्ह, म्हणजे विजेवर चालणारा, डीआय घ्या. साध्या पिकअपला (तारांचा कंप पकडणाऱ्या भागाला) साधारण १० लाख ओहमचा इनपुट मानवतो, मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये सरळ घुसवला तर आवाज बोथट होतो. या एका निर्णयाने अनेकांचं निम्मं बजेट वाचतं, म्हणून तो पहिला.

२. ओहमचं गणित

ॲम्पच्या मागे लिहिलेलं असतं: ‘किमान ४ ओहम’ किंवा ‘५०० वॉट, ४ ओहमला’. ट्रान्झिस्टरच्या किंवा क्लास-डी (हलक्या, नव्या पद्धतीच्या) ॲम्पसाठी नियम एकच, लिहिलेल्या किमान आकड्याच्या खाली जायचं नाही. वर गेलं तर चालतं, फक्त ताकद कमी मिळते. ४ ओहमला ५०० वॉट देणारा ॲम्प ८ ओहमला साधारण २५० ते ३५० वॉट देतो. त्याने ॲम्पचं काही बिघडत नाही, उलट तो गार राहतो.

खाली गेल्यावर काय होतं? ॲम्प तेवढाच व्होल्टेज देत राहतो, पण ओहम निम्मे झाले की करंट दुप्पट होतो. तो करंट आउटपुटच्या ट्रान्झिस्टरमधून जातो आणि तेवढी उष्णता तिथेच तयार होते. चांगला ॲम्प प्रोटेक्शनमध्ये जाऊन गप्प होतो, स्वस्तातला जळतो. आणि हे नेमकं कार्यक्रमाच्या मध्यावर होतं, कारण तापायला तेवढा वेळ लागतो.

दोन बॉक्स लावताना सगळ्यात जास्त घोळ होतो. बॉक्सच्या मागे दोन जॅक असतात, म्हणून पहिल्यातून दुसऱ्यात तार नेली की अनेकांना वाटतं आता सिरीज, म्हणजे एकामागे एक जोडणी, झाली, ओहम वाढले. तसं नसतं. ते दोन्ही जॅक आतून समांतर, म्हणजे पॅरलल जोडलेले असतात. त्यामुळे ओहम कमी होतात: ८ आणि ८ मिळून ४, ४ आणि ४ मिळून २, १६ आणि १६ मिळून ८. एक ८ चा आणि एक ४ चा लावला तर होतात २.६७, म्हणजे किमान ४ ओहमच्या ॲम्पला ते चालत नाही. शिवाय त्यात ४ ओहमचा बॉक्स दुप्पट ताकद खातो. ॲम्पने ३०० वॉट दिले तर २०० एकाला आणि १०० दुसऱ्याला. लहान बॉक्स जर ४ ओहमचा असेल, तर आधी तोच जाणार.

म्हणून पहिला बॉक्स ८ ओहमचाच घ्या. दुकानदार म्हणेल, ४ ओहमचा घ्या, ॲम्पची पूर्ण ताकद मिळेल. खरं आहे, पण पुढचा रस्ता बंद होतो. आज ८ ओहमचा एक बॉक्स घेतला आणि वर्षा-दोन वर्षांनी तसाच दुसरा जोडला, तर ॲम्प ३०० वरून ५०० वॉटवर जातो, शिवाय स्पीकरचे हवा ढकलणारे कोन दुप्पट होतात. मिळून साधारण ५ डेसिबल वाढतात. नुसता दुप्पट वॉटचा ॲम्प आणला असता तर मिळाले असते ३. हा हिशोब मला बजेटच्या सगळ्या सल्ल्यांमध्ये मोलाचा वाटतो.

आपल्याकडे सभेत, मंदिरात कर्ण्यांसाठी वापरलेली जुनी मशीन स्वस्तात मिळतात. त्यांच्या मागे ४, ८, १६ ओहम आणि शिवाय ७० किंवा १०० व्होल्ट असे स्क्रू असतात. बॉक्स लावायचा तर ‘कॉमन’ आणि बॉक्सच्या ओहमचा स्क्रू, एवढंच. १०० व्होल्टचा स्क्रू ट्रान्सफॉर्मर बसवलेल्या कर्ण्यांसाठी आहे, तिथे बॉक्स लावायचा नाही. ही मशीन माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असतात, खालचे सूर त्यात दमतात. सरावाला ठीक, कार्यक्रमाला नको.

व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्यूबचा ॲम्प हाती आलाच, तर त्याचा नियम वेगळा. तिथे बॉक्सचे ओहम आणि ॲम्पच्या मागचं बटण तंतोतंत जुळवायचं, आणि बॉक्स न लावता तो कधीच चालू करायचा नाही, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

३. लेबलवर विसंबू नका, मोजा

काहीशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. तो नसताना सेकंडहँड बॉक्स बघायला जाऊच नका. २०० ओहमच्या रेंजवर ठेवून आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा. मीटर ०.२ ते ०.५ असं काहीतरी दाखवेल, तेवढं पुढच्या मापातून वजा करायचं. मग बॉक्सच्या जॅकमध्ये तार लावून तारेच्या दुसऱ्या टोकाला मोजा.

मीटरवर पूर्ण ८ दिसणार नाहीत. मीटर डीसी मोजतो आणि कॉइलचा डीसी रोध लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमीच असतो. ८ ओहमचा बॉक्स साधारण ५.५ ते ७ दाखवतो, ४ चा ३ ते ३.८, १६ चा ११ ते १३. शून्याच्या जवळ आला तर आत शॉर्ट आहे. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे किंवा तार सुटली आहे.

आता कामाची खूण. बॉक्समध्ये दोन स्पीकर आहेत, लेबलवर ४ ओहम आहे आणि मीटर ६ दाखवतोय, तर बहुतेक एक स्पीकर मेलेला आहे. हळू वाजवून बघताना हे कळत नाही, कारण दुसरा वाजत असतो. विकणाऱ्याला कदाचित खरंच माहीत नसेल, पण भाव त्याप्रमाणे ठरवा. कॉइल बदललेला स्पीकर असेल तर ती मूळ ओहमचीच बसवली आहे का, हेही याच मापात कळतं.

मोजून झालं की जाळी काढा. कोनवर दोन्ही बाजूंना बोटं समान ठेवून हलकेच आत दाबा. खरखर लागली तर कॉइल घासते आहे, तो स्पीकर सोडून द्या. कडेची घडी फाटली आहे का बघा आणि जवळ जाऊन वास घ्या, जळलेल्या कॉइलचा वास बरेच दिवस राहतो. मग खालची ई तार हळू आवाजात वाजवा. सैल स्क्रू, सुटलेलं प्लाय, उखडलेला कोन, सगळं तिथे बोलतं.

ॲम्पचीही एक तपासणी आहे. बॉक्स न लावता (ट्यूबचा सोडून), आवाज शून्यावर ठेवून ॲम्प चालू करा आणि स्पीकर आउटपुटवर डीसी व्होल्ट मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. काही व्होल्ट दिसले तर तो ॲम्प तुमचा बॉक्स जाळणार. परदेशातून आलेला ॲम्प असेल तर तो २३० व्होल्टचा आहे की ११५ चा, हे प्लग लावायच्या आधी वाचा.

४. वॉट: कोणता आकडा खरा

पीएमपीओ असं लिहिलेला आकडा पूर्ण विसरा. पीक आणि प्रोग्राम हे आकडेही जुळणीसाठी धरू नका. ॲम्पचा आणि बॉक्सचा, दोघांचा आरएमएस किंवा ‘कंटिन्युअस’ (सतत देता-झेलता येणारी ताकद) आकडाच समोरासमोर ठेवायचा, आणि तोही त्याच ओहमचा. ॲम्प ८ ओहमला ३०० देत असेल तर ८ ओहमचा बॉक्स ३०० ते ४५० आरएमएस झेलणारा हवा.

थोडा जास्त का? ॲम्प अति ताणला की आवाजाची टोकं कापली जातात, त्याला क्लिपिंग म्हणतात. पूर्ण क्लिप झालेला ॲम्प आपल्या लिहिलेल्या ताकदीच्या जवळपास दुप्पट देऊ शकतो. त्यात वरच्या पट्टीतली ऊर्जाही वाढते, म्हणून आधी ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, जातो. ‘लहान ॲम्पने स्पीकर जळत नाही’ असं म्हणतात ते म्हणूनच अर्धं खरं. उलट, मोठा ॲम्प आणि लहान बॉक्स हे कानाने वाजवणाऱ्याला चालतं. बॉक्सने फडफड केली की लगेच आवाज कमी करायचा, एवढी शिस्त हवी.

बेसच्या बाबतीत उष्णतेआधी धोका असतो तो कोनच्या धावेचा. सूर जितका खालचा, तितका कोन जास्त पुढेमागे जातो. भोकाच्या, म्हणजे पोर्टच्या बॉक्समध्ये त्याच्या ट्यूनिंगखालचा, म्हणजे भोक ज्या सुराला जुळवलं आहे त्याच्या खालचा, सूर आला तर कोनला आतल्या हवेचा आधारच राहत नाही, आणि लिहिलेल्या वॉटच्या बऱ्याच खाली स्पीकर फाटू शकतो. ॲम्पवर बेसची कळ ६ डेसिबल वाढवली म्हणजे त्या पट्टीत चौपट ताकद मागितली. १२ डेसिबल म्हणजे सोळापट. म्हणून कळ मध्यावर ठेवून सुरुवात करा, आणि ॲम्पमध्ये हाय-पास फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) असेल तर तो ३० ते ४० हर्ट्झवर लावून ठेवा. ऐकताना फरक कळणार नाही, कोनला मात्र मोठा आराम मिळतो.

५. दुकानदार न सांगणारा आकडा

तो आहे सेन्सिटिव्हिटी: १ वॉट दिला आणि १ मीटरवर मोजलं तर किती डेसिबल. वॉट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. आता हिशोब करा. ९८ डेसिबलचा बॉक्स १६० वॉटमध्ये जितका वाजतो, तितकं वाजायला ९४ डेसिबलच्या बॉक्सला ४०० वॉट लागतात. बॉक्सवर थोडे जास्त पैसे घालून ॲम्पवरचे बरेच वाचतात, ते इथे.

हा आकडा कागदावर नसेल तर दुकानात एकाच ॲम्पवर, कळा न हलवता, दोन बॉक्स आलटून पालटून लावून ऐका. कानाला लगेच कळतं.

माझ्या मते १०० रुपयांतले ५५ ते ६० बॉक्सला, ३० ते ३५ ॲम्पला, उरलेले तार, मीटर आणि डीआयला. ॲम्प पुढे बदलता येतो, चांगला बॉक्स पंधरा वर्षंही साथ देतो.

६. जे बॉक्स टाळायचे

गिटारचा बॉक्स नको. तो अनेकदा मागून उघडा असतो आणि त्यातला स्पीकर ४१ हर्ट्झची धाव सहन करायला बनवलेला नसतो. गाडीचा सबवूफरही नको. तो स्वस्त मिळतो आणि दिसायला दणकट असतो, पण त्याची सेन्सिटिव्हिटी कमी असते आणि वरचा आवाज जवळजवळ नसतो. डीजेचा १८ इंची ‘बेस’ बघून मोह होतो. तो साधारण १०० ते १२० हर्ट्झच्या वर वाजवायचाच नसतो. बेस गिटारचा सूर ओळखू येतो तो १०० ते ८०० हर्ट्झमधून आणि बोटाचा टणत्कार त्याहून वरून. नुसत्या १८ इंचीतून हादरा येतो, सूर येत नाही, आणि गायकाला पकडायला काही उरत नाही.

दोन १०-इंची किंवा एक १५-इंची, बेस गिटारसाठी बनवलेला, ८ ओहमचा बॉक्स ही सुरुवातीची योग्य खरेदी. बॉक्स ६० हर्ट्झच्या खाली उतरत नाही म्हणून घाबरू नका. खालच्या ई तारेचा ८२ हर्ट्झचा दुसरा स्वर (त्याच तारेत सोबत वाजणारा, दुप्पट कंपनांचा) बहुतेक वेळा मूळ स्वराहून ठळक वाजतो, आणि कान खालचा सूर त्यावरून भरून काढतो.

संभाजीनगरात वाद्यांची दुकानं आहेत, पण बेसचे बॉक्स सहसा मागवावे लागतात. नांदेड, हिंगोली, परभणीच्या बाजूच्या माणसाने हैदराबादचा कोटी भाग बघावा, सुटे स्पीकर आणि कनेक्टर तिथे मिळतात. जालना-संभाजीनगरकडून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला उतरून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड गाठता येतो.

७. मिस्त्रीकडून बनवायचा तर

आपल्याकडचे सुतार उत्तम काम करतात, माप मात्र तुम्ही द्यायचं. स्पीकर आधी घ्या आणि त्याच्या कागदावर एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस हे तीन आकडे आहेत का बघा. थील आणि स्मॉल या दोघा इंजिनिअरांच्या कामातून आलेल्या या आकड्यांवरून बॉक्सचे लिटर ठरतात. विनआयएसडी हा फुकट प्रोग्रॅम संगणकावर घेऊन ते आकडे भरले, की किती लिटरची पेटी आणि किती लांबीचं भोक ते कळतं. आकडे नसतील तर भोक पाडूच नका, बंद पेटी बनवा. ती थोडी कमी खोल वाजते, पण चुका माफ करते आणि कोनला सांभाळते.

लिटर काढायला आतली मापं सेंटिमीटरमध्ये गुणा आणि १००० ने भागा. ५० गुणिले ४० गुणिले ३५ म्हणजे ७० लिटर. १८ मिलिमीटर प्लाय वापरलं तर बाहेरचं प्रत्येक माप ३.६ सेंटिमीटरने वाढतं: ५३.६, ४३.६, ३८.६. स्पीकर आणि आडव्या पट्ट्या काही लिटर खातात, तेवढे आधीच धरा. पार्टिकल बोर्ड नको, पावसाळ्यात टेम्पोतून नेताना कडा फुगतात. सांध्यांना फेव्हिकॉल आणि स्क्रू दोन्ही, आत समोरून मागे एक आडवी दांडी, स्पीकरखाली फोमची पट्टी. आत भरायला कापूस वापरू नका, तो ओल धरतो. उशीत भरतात ते फायबर चालतं.

८. तार आणि पहिली सुरुवात

गिटारची केबल ॲम्प आणि बॉक्समध्ये लावायची नाही. दिसायला सारखी असली तरी तिच्यातली तार बारीक असते, ती तापते. विजेच्या दुकानातून दोन कोअरची, अनेक पदरी, दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या आणि शक्य असेल तर स्पीकॉनचे (फिरवून घट्ट बसणारे) कनेक्टर लावा. त्यातल्या ‘१ प्लस’ आणि ‘१ मायनस’ या टोकांना तार जोडा. पाच मीटरपर्यंत दीडची पुरते. अनेक क्लास-डी ॲम्पची मायनस तार ग्राउंड नसते, ती कुठल्याही धातूला किंवा मिक्सरच्या ग्राउंडला लावू नका.

दोन बॉक्स असतील तर प्लस-मायनस एकसारखं आहे का ते दीड व्होल्टच्या सेलने तपासा. सेल क्षणभर लावल्यावर दोन्हीकडचे कोन एकाच दिशेने हलायला हवेत. उलट हलले तर दोन बॉक्स एकमेकांचा आवाज खातात आणि बेस गायब होतो.

जोडायचा क्रम: सगळं बंद, बॉक्सची तार, मग बेसची केबल, आवाज शून्य, मग लाइट. गेन (ॲम्पमध्ये येणारा सिग्नल वाढवणारी कळ) इतका वाढवा की जोरात तार मारल्यावर क्लिपचा लाल दिवा जेमतेम लागेल, मग किंचित कमी करा. त्यानंतर मास्टर, म्हणजे एकूण आवाजाची कळ. बंद करताना आधी मास्टर शून्य.

९. मंडपातली वीज

बोर्डात प्लग घालायच्या आधी मीटर एसीवर ठेवून मोजा. २१० ते २४० ठीक. गावाकडे संध्याकाळी १८० दिसलं तर जुना ट्रान्सफॉर्मरवाला ॲम्प लवकर क्लिप होईल, आवाज त्या हिशोबाने ठेवा. २६० च्या वर दिसलं तर लावूच नका. न्यूट्रल सुटलं असेल तर व्होल्टेज आणखी वर चढतं आणि स्टेजवरचं सगळं सामान जातं. जनरेटर चालू होऊन स्थिरावल्यावर ॲम्प लावा, तो बंद व्हायच्या आधी काढा. गुंई आवाज येतो म्हणून तीन पिनांतली अर्थिंगची पिन काढू नका. हातात तारा आणि तोंडापुढे माइक असताना तीच पिन जीव वाचवते. आवाज घालवायला डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण आहे.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी ४२-४३ अंश असतं. ॲम्पचा पंखा आणि जाळी मोकळी ठेवा, त्यावर चादर किंवा बॅग टाकू नका, उन्हात उभ्या टेम्पोत ठेवू नका. धूळ ब्रशने काढत राहा.

शेवटचं काम घरीच करून निघा. बॉक्सच्या मागे पांढऱ्या पेंटने मोठ्या अक्षरात लिहा: ‘८ ओहम, ३०० वॉट आरएमएस, फक्त बेस’. ॲम्पच्या मागे लिहा: ‘किमान ४ ओहम’. घाईत तार लावणारा माणूस दरवेळी तुम्हीच असाल असं नाही.